सभासदाची सही

कालव्याच्या शेवटच्या चारीला पाणी का पोचत नाही, हे मला आमच्या पाणी संस्थेच्या सभेत विचारायचं होतं. लेखी प्रश्नावर सभासदाची सही लागते आणि सभासद सगळे म्हातारे. म्हणून कन्हेरीला चुलत आजोबांकडे गेले. सोबत माझं पत्रक होतं: ‘प्रत्येक ठरावाला मंजूर म्हणणाऱ्या पिढीनं आपलं पाणी घालवलं.’

आबांनी ते सावकाश वाचलं. “मी नामंजूर म्हणलो म्हणून मला सभेतनं भाईर काढलं हुतं.”

“मला माहीत नव्हतं.”

“इचारलं कुठं? तुमची पिढी मोबाईलातनं मान वर काढंल तवा.”

“हे पत्रक मी हातानं लिहिलंय, आबा.”

“व्हय, अक्षरावरनं दिसतंय.”

प्रश्नावर सही करून त्यांनी पेन माझ्याकडे दिला. “पत्रकातली पिढी खोड. मंजूर म्हणणारे ऱ्हाऊ देत.”

सगळ्या प्रतींवर मी तसंच केलं.