नकाशावरचा तळहात

आमच्या गावाच्या जैवविविधता नोंदवहीचं प्रकाशन तालुक्याच्या सभागृहात होतं. पाहुण्यांनी एकमेकांना शाली घातल्या आणि उरलेली सोनीआजीला घातली. रानातली औषधं तिने सांगितली होती, मी लिहून घेतली होती.

भाषणं रंगात आली तेव्हा ती उठून भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी गेली. तिला अक्षर येत नाही, पण ओढ्याचं वळण तिने लगेच ओळखलं. तिथे एक लाल ठिपका होता. तिने त्यावर तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली. फोटोवाल्याला वाटलं, आजी फोटोसाठीच उभी आहे. तोच नकाशा प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवरच्या प्रतीत छापलेला होता.

मी जवळ गेलो.

"मास्तर, कंदाची जागा तुला एकट्याला दावली होती. सुनेलाबी अजून नाय दावली."

"आजी, नोंदीत जागा लिहावीच लागते."

"मग म्या दावायच्या आधी सांगायचं होतंस."

लिहून ठेवलं की जपलं, असं आम्हा शिकलेल्यांना वाटतं. तिने मात्र कुणाला दाखवायचं हे आयुष्यभर पारखून ती जागा जपली होती, आणि त्या पारखीला मी उतरलो होतो. संमतीच्या कागदावर तिचा अंगठा आहे. तो कागद मी तिला वाचून दाखवला नव्हता.

चहाच्या वेळी एका पाहुण्याने तिला कौतुकाने विचारलं, "आजी, हा कंद खणायचा कधी?"

तिने माझ्याकडे बोट केलं.

"त्याला इचारा. आता वैदू तो हाय."