नवी दहावी चालते का?

आमच्या वर्षी दोन वर्ग एकदमच मॅट्रिक झाले. जुनी अकरावी संपत होती आणि नवी दहावी सुरू झाली होती. आम्ही दहावीची पहिली तुकडी. खारबावजवळच्या आमच्या गावातून दोनच मुली पास झाल्या, मी आणि माझी मैत्रीण. तिला माझ्यापेक्षा बरेच मार्क जास्त होते.

दोघींना शिक्षिका व्हायचं होतं. डी.एड.चे अर्ज निघालेत एवढं कळलं होतं. पण आमची दहावी त्याला चालते की अकरावीच लागते, हे खात्रीनं सांगणारा माणूस मिळेना. हेडमास्तर म्हणाले, "माझ्याकडे लेखी काही आलेलं नाही." भिवंडीच्या स्टँडसमोर एक जण टाइपरायटर घेऊन बसायचा, सगळ्या कोर्सचे फॉर्म विकायचा. त्यानं मान वर न करता सांगितलं, "नवी दहावी नाय चालत. कॉलेजात अकरावी करा, मग या."

मैत्रिणीच्या वडिलांना ते पटलं. लूमवर ड्युटीला जाता-येता ते त्याला रोज बघत. त्यांनी लगेच भिवंडीच्या कॉलेजात तिचं नाव घातलं आणि शाळेचा दाखलाही तिथं जमा केला.

माझ्या घरी वेगळी घाई होती. अकलोलीचे पाहुणे रविवारी मला बघायला येणार होते. "त्याच्या आत काय ते बघ," वडील म्हणाले. "मग माझ्यापाशी रडू नको."

गुरुवारी आयला घेऊन मी ठाण्याला, डी.एड.चे अर्ज घेणाऱ्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात निघाले. मैत्रिणीला घरून सोडलं नाही. "कळलं की सांगते," मी तिला म्हटलं.

कशेळीच्या पुलाअलीकडे ट्रक बंद पडला आणि बस तासभर हलली नाही. आय सारखी विचारत होती, "खिडकी बंद झाली तं?" ऑफिसात पोचलो तेव्हा रांग जिन्यापर्यंत आली होती. नंबर लागला तेव्हा कारकून म्हणाला, "चालते बहुतेक."

मला 'बहुतेक' नको होतं. "साहेब, तसा कागद बघायला मिळेल?" मी विचारलं. मागचे लोक कुरकुरायला लागले. आतल्या टेबलावरच्या एक बाई उठून आल्या, त्यांनी फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जुनी अकरावी किंवा नवी दहावी उत्तीर्ण. "उद्या पाचपर्यंत मुदत आहे," त्या म्हणाल्या. मी ती ओळ, वरचा नंबर, सगळं वहीत उतरवून घेतलं आणि तिथंच अर्ज भरून दिला. कारकुनानं दिलेली पावती वहीत घातली.

मग मी आणखी एक फॉर्म मागितला.

जिन्यात आयनं माझा दंड धरला. "तिच्यासाठी? जागा किती थोड्या हायत, ऐकलंस ना? तिचे मार्क जास्त हायत."

"मग काय करू?"

"परवा सांग. कोन तुला नाव ठेवतंय?"

मी आयला लगेच 'नाही' म्हटलं, असं आज सांगायला आवडलं असतं. गावात उतरले तर मैत्रीण स्टॉपवरच उभी होती.

"काय झालं?"

"खिडकी बंद झाली होती," मी म्हटलं. फॉर्म पिशवीत होता.

तिचा चेहरा पडला, पण स्वतःसाठी नाही. "मग तू उद्या पुन्हा जा," ती म्हणाली. "तुझा रविवार आहे ना. माझं काय, मला अजून एक वर्ष आहे."

सकाळी उठल्याउठल्या मी तिच्या घरी गेले. तिचे वडील, आमचे काका, डबा घेऊन निघतच होते. मी फॉर्म पुढे केला, वही दाखवली. त्यांनी वहीकडे बघितलंही नाही. "तो मानूस रोज तिथं बसतो. त्याला कळंना आनि तुला कळतं?"

मी पावती काढली. त्यांनी ती उजेडात धरून वाचली, पुन्हा वाचली. "तुझा घेतला? दहावीवर?"

"घेतला."

"मंग काल का न्हाय बोललीस?"

"आज पाचपर्यंतच मुदत आहे," मी म्हटलं. मैत्रीण माझ्याकडे बघत होती.

काकांनी डबा खाली ठेवला. ड्युटी बुडवून ते तिला घेऊन कॉलेजात गेले. अर्जाला लागणारा दाखला परत द्यायला तिथं साहेबांची सही लागत होती आणि साहेब दुपारी आले. मी घरी बसून होते. चार वाजले, पाच वाजले. संध्याकाळी ती आली. "ठाण्याला अर्ज दिला तेव्हा पाचला दहा मिनिटं होती," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

रविवारी पाहुणे आले. वडिलांनी त्यांना पावती दाखवली. "पोरगी अजून शिकते हाय," असं सांगून चहा देऊन पाठवलं.

यादी लागली. तिचं नाव होतं. माझं प्रतीक्षा यादीत होतं आणि ती यादी पुढे सरकली नाही. मी रडले, आणि त्या रडण्यात मला मैत्रिणीचा रागही येत होता.

मी अकरावीला भिवंडीत नाव घातलं. ट्रेनिंगच्या गावाहून तिची पोस्टकार्डं यायची. पुढच्या वर्षीचे अर्ज सुटल्याचं मला तिच्याच कार्डावरून कळलं. कुठले कागद लागतील, किती प्रती, कुणाची सही, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. त्या वर्षी माझी निवड झाली.

गुरुवारच्या त्या संध्याकाळबद्दल तिनं मला कधीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.