एकटीचं बेट

मुलीच्या शाळेत जागतिक परिषदेचा खेळ होता. मुलांनी एकेक देश व्हायचं, ठराव मांडायचे. हिच्या वाट्याला समुद्रातलं एक चिमुकलं बेट आलं आणि बाईसाहेब फुगून बसल्या. मोठ्या देशांना चार-चार प्रतिनिधी, बेटाला ही एकटी. त्यात समित्या एकाच वेळी, वेगवेगळ्या खोल्यांत. खऱ्या जगातही असंच चालतं, लहान देशांना तेवढी माणसं पाठवणं झेपत नाही, असं सरांनी सांगितलं होतं. "आई, एकसाथ सगळ्या कमऱ्यांत मी कशी बसू? माझं बेट बुडणार, आणि कुणाला पताही नाही लागणार."

मला हसू आलं. हे दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं. इथे मध्य प्रदेशात, आमच्या देवासला, चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हटलं की प्रत्येकीला शुक्रवारच हवा. जुन्या दरबारी घराण्यांत सुना-लेकी भरपूर, त्या घरं वाटून घेतात. आमच्याकडून जाणारी मी एकटी. जिथे पोचले नाही, तिथे वर्षभर टोमणे. शेवटी घरातून अशा एकेकट्याच जाणाऱ्या आम्ही तिघींनी घरं वाटून घेतली. जी जाईल तिने बाकी दोघींच्या नावाने गौरीला हळदकुंकू वाहायचं, त्यांच्या वाटची कैरीची डाळ डब्यात आणायची. आधी नाकं मुरडली गेली. आता त्या घरच्या बायकाच विचारतात, त्या दोघींचे डबे आणलेस ना?

हे सगळं मी मुलीला सांगितलं. मग शाळेत तिने आणखी दोन एकटे देश गाठले आणि खोल्या वाटून घेतल्या. ऐनवेळी वेळापत्रक बदललं. वाढत्या समुद्रापासून बेटं वाचवायचा ठराव नेमका ती नसलेल्या खोलीत आला. दुसऱ्यासाठी बोललं तर चालेल, मत मात्र हजर असलेल्याचंच, असं सर म्हणाले. ठराव पडला.

रडत येईल म्हणून मी शिरा करून ठेवला होता. ती आली ती खुशीतच. तिच्या जोडीदारणीने त्या खोलीत उभं राहून बेटाचं सगळं म्हणणं मांडलं होतं. "आई, मी नव्हते तिथे, तरी माझं बेट होतं." मला फार बरं वाटलं.

मराठीत अडखळते म्हणून ही हळदीकुंकवाला कधी यायची नाही. यंदा चैत्रात मी डबे पुसत होते, तर मागून म्हणाली, "दोन घरं मला दे." त्या शुक्रवारी आमच्याकडून आम्ही दोघी निघालो.