मेली तर सांगजो

शेवंती बहुतेक वेळा पाण्याने मरते, आणि ते पाणी घालणारी सगळी भली माणसं असतात. आईने मला हे पन्नास वेळा सांगितलं असेल. नेमकं तिच्याच सुतकात मी ते विसरले.

बाबा नागपूरहून भोपाळच्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागले, तेव्हा आईने माहेरच्या अंगणातला शेवंतीचा एक मुनवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सोबत आणला. मुनवा म्हणजे बुंध्याशी जमिनीतून फुटणारं पिल्लू. आधी तो कारखान्याच्या क्वार्टरमध्ये रुजला. बाबा रिटायर झाल्यावर भोपाळमध्येच सोनागिरीत घर घेतलं, तेव्हा आईने कुंडी सामानाच्या टेम्पोत ठेवू दिली नाही. मांडीवर घेऊन रिक्षातून आली. फुलात पाहण्यासारखं काही नव्हतं. रुपयाएवढं बारीक, हळदीसारखं पिवळं, आणि वास असा उग्र की देव्हाऱ्याजवळ बसलेल्या माणसाला शिंक यावी. हारवाल्याने फुकट दिलं तरी घेतलं नसतं. आईला मात्र जगात तेवढीच एक शेवंती होती.

पौषात फुलं संपली की ती कात्री घेऊन सगळी झाडं जमिनीलगत कापायची. लहानपणी मी यावरून तिच्याशी भांडायचे. ती म्हणायची, "कापलं नाही तर पिल्लं कुठून येतील?" आणि खरंच, महिन्याभरात बोडक्या कुंड्यांत हिरवे कोंब दिसायचे. मग वाटप. अर्ध्या भोपाळला तिने मुनवे वाटले असतील. प्रत्येकाला एकच अट, मराठी माणसाला मराठीत आणि बाकीच्यांना तिच्या नागपुरी हिंदीत: "मेली तर सांगजो. लाजू नको. मी दुसरी देईन."

लोक येऊन सांगायचेही. शेजारच्या भाभी तर दोनदा आल्या. "आंटी, फिर मर गई," म्हणाल्या, आणि आई पोटभर हसून तिसरा मुनवा काढायला बसली. मरणाचं तिला काही वाटायचं नाही. लपवाछपवीचा मात्र भारी तिटकारा.

मी पुण्याला असते. पाच वर्षांपूर्वी निघताना तिने मलाही एक मुनवा दिला. तोच ओला कागद, तीच अट. मी तो बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला. घरी पोचले तर मुलीची परीक्षा, ऑफिसात कुणी रजेवर, आणि आठ दिवसांनी कप्पा उघडला तेव्हा आत काळा चिखल होता. मी तो कागदासकट कचऱ्यात टाकला. रात्री फोनवर आईने विचारलं, "लावली?" मी म्हटलं, "लावली."

का म्हटलं, कोण जाणे. मीच तिला नेहमी ऐकवायचे, तुझी झाडं माझ्यापेक्षा लाडकी. तिचं एक झाड माझ्या हातून मेलं हे कबूल करायला माझी जीभ वळेना. एकदा खोटं बोललं की ते पाळावं लागतं, आणि शेवंतीपेक्षा त्याला खतपाणी जास्त. "शेंडा खुडलास?" हो. "कळ्या धरल्या?" धरल्या. शेवटी एका हिवाळ्यात सोसायटीच्या बागेतल्या शेवंतीचा फोटो काढून पाठवला. आई म्हणाली, "मोठं दिसते गं फूल." मी म्हटलं, "पुण्याचं पाणी." ती "हो का," म्हणाली आणि भाजीचं विचारायला लागली.

त्यानंतर दर वर्षी फेब्रुवारीत भोपाळला गेले की नळाशेजारी तुपाचा एक पोचलेला डबा दिसायचा, तळाला भोकं पाडलेला, आत एकच मुनवा. वाटप संपलेलं असलं तरी तो डबा तसाच. "हा कुणाचा?" मी विचारायचे. "मागायला येईल त्याचा," आई म्हणायची. कुणी मागायला आलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या जानेवारीत आई गेली. तीन आठवडे आधीच झाडं कापून झाली होती आणि डब्यातला मुनवाही लावून झाला होता. नागपूरहून आत्या आल्या, काका आले, शेजारपाजार होताच. सुतकाच्या घरात माणसं असतात भरपूर आणि कामं नसतात. जेवण शेजाऱ्यांकडून यायचं. देवपूजा बंद. हातांना काहीतरी लागतंच, म्हणून जो तो उठायचा आणि तांब्या घेऊन कुंड्यांकडे जायचा. आत्या सकाळी घालायच्या. "मुक्या जिवांना कोण बघणार आता," असं म्हणत डोळे पुसायच्या. काका दुपारी. भाभी भिंतीपलीकडून पाइपने. आणि संध्याकाळी मी, कारण दिवसभर मी आईसाठी काहीच केलं नाही असं वाटायचं. तुपाच्या डब्यातही मीच घातलं, काठोकाठ.

तेराव्यानंतर माणसं पांगली आणि मला कुंड्यांचा वास आला. आंबूस, साचलेल्या गटारासारखा. कोंब पिवळे पडून माना टाकून बसले होते. एक उपटला तर मूळ हातात आलंच नाही, कुजून मातीत राहिलं. दहा कुंड्या आणि एक डबा, सगळं गेलं. आईच्या चितेपाशी मी रडले नव्हते तेवढी कुंड्यांच्या त्या ओट्यावर रडले.

बाबा दारात उभे होते. त्यांनी आयुष्यात कुंड्या फक्त उचलून दिल्या होत्या. त्या दिवसापासून आईची शेवंती कुणाकडे उरली आहे ते शोधण्याशिवाय त्यांना दुसरं काही सुचेना. अशोका गार्डनमधल्या एका मावशींकडे फोन केला, तर गच्चीची दुरुस्ती झाली तेव्हा त्यांनी कुंड्या काढून टाकल्या होत्या. मंडीदीपला ज्यांना दिली होती त्यांची बदली झालेली. भाभींकडची तर तिसऱ्यांदाही मेली होती. मग बाबा माझ्याकडे वळले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"आपण वेड्यासारखे शोधून राहिलो. तुझ्याकडे आहे ना! पावसाळ्यात एक घेऊन ये."

मी म्हटलं, "आणते."

जुलैत मी पुण्यातल्या तीन नर्सऱ्या पालथ्या घातल्या. त्यातल्या त्यात बारीक पिवळी म्हणून एक रोप घेतलं, आईसारखं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, आणि रेल्वेत रात्रभर मांडीवर धरून बसले. आईला फसवलं होतं फोनवर. बाबांना तोंडावर फसवायला निघाले होते. त्यांनी रोप दोन्ही हातांनी घेतलं. तोच तुपाचा डबा धुऊन ठेवला होता, त्यात लावलं. मग रोज फोन. आज पाणी नाही घातलं, एक दिवस आड घालतो. आज शेंडा खुडला. मी ऐकायचे आणि फोन ठेवून तोंड धुऊन यायचे.

डिसेंबरात फुलं आल्याचा फोन आला नाही. मी न राहवून गेले. डबा नळाशेजारी होता. वाटीएवढी फिकट पिवळी फुलं, देखणी, आणि वास कसला म्हणून नाही. बाबांनी एक फूल खुडलं, नाकाशी नेलं, बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग आत जाऊन आईच्या फोटोला वाहिलं.

"बाबा," मी म्हटलं, "ही आईची नाही. तिची मी कधी लावलीच नव्हती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू फोटो पाठवला तेव्हाच तुझी आई म्हणाली, मेली वाटते पोरीची. इथली सगळी गेली तेव्हा मी मनाला समजावलं, तिचा अंदाज चुकला असेल."

ते बाहेर आले आणि डब्याशेजारी बसले.

"सांगायचं होतं ना गं," बाबा म्हणाले. "दर वर्षी या डब्यात तुझी काढून ठेवायची."