आईचं स्टेशन

रेडिओ तापायला वेळ लागत असे. बटण फिरवलं की आधी काचेमागे मंद पिवळा उजेड पसरायचा, मग तापलेल्या धुळीचा आणि लाकडाच्या पॉलिशचा उबदार वास खोलीभर दरवळायचा, आणि त्यानंतर कुठे, कुणी दुरून बोलत बोलत जवळ यावं तसा आवाज यायचा. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातलं सारं सुख मला अजूनही त्या वासासकट आठवतं. परवा नातीने तिच्या फोनवर त्या काळातलं एक गाणं शोधून दिलं. “आजी, ऐक किती क्लिअर आहे,” म्हणाली. होतंच ते तसं. प्रत्येक वाद्य धुऊनपुसून मांडल्यासारखं. तरीही ते गाणं मला अनोळखी वाटलं. माझ्या आठवणीतलं गाणं असं सलग नव्हतंच मुळी.

रेडिओ बाबांचा होता. ते कचेरीत कारकून होते, पण संध्याकाळी कोट खुंटीला लावला की त्यांच्यातला रसिक जागा व्हायचा. नाट्यपदं आणि ख्याल, एवढंच त्यांच्या लेखी संगीत. मांडीवर बोटांनी ठेका धरून ते डोळे मिटून ऐकत बसत, आणि गायक समेवर आला की त्यांच्या चेहऱ्यावर देवदर्शन झाल्यासारखी तृप्ती पसरे. सिनेमाच्या गाण्यांना मात्र ते फुटाणे म्हणत. तोंड चाळवतं, पोट भरत नाही. माझा थोरला भाऊ, दादा, कॉलेजात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस. त्याच्या कानात डफ आणि शाहिरांची बुलंद कवनं घुमत असत. बाबांची पदं त्याला जुन्या शालीसारखी वाटत, उबदार पण कसरीचा वास येणारी. एका छपराखाली माणसं किती निरनिराळ्या काळांत राहत असतात!

आणि आई? आईला काय आवडतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण माझी शाळा सकाळची. दुपारी बाबा कचेरीत असले की ती पदराला हात पुसत रेडिओपाशी येई आणि समुद्रापलीकडचं एक स्टेशन लावी. आपल्याकडच्या केंद्रांनी सिनेमाच्या गाण्यांकडे तेव्हा पाठच फिरवली होती. ती गाणी ऐकायची तर तिथेच. पण तो आवाज लाटांवर स्वार होऊन येई. ऐन अंतऱ्यात तो खोल बुडायचा, नुसती खरखर उरायची, आणि त्या खरखरीत आई हलकेच गाऊ लागायची. गाणं पुन्हा वर आलं की ती थांबे. ती थांबे त्याच अक्षराच्या पुढून गायिका सुरू होई. बाबा यायच्या आधी काटा परत त्यांच्या स्टेशनवर आणून ठेवायला ती विसरत नसे.

एके दिवशी दादा सकाळीच बाहेर पडला. लालबागला सभा होती. दुपारपर्यंत शहरात गोळीबार झाल्याची बातमी चाळीत पोचली, संचारबंदी लागली, आणि बाबा कचेरीतून कसेबसे पायी घरी आले. दादा आला नव्हता. गॅलरीत उभं राहायचीही सोय नव्हती; खिडकीतून खालचा रस्ता, जो एरवी ट्रामच्या घंटेने आणि भाजीवाल्यांच्या हाकांनी भरलेला असे, तो उन्हात पडलेल्या रिकाम्या ताटासारखा दिसत होता. बाबांनी बातम्या लावल्या. बातम्या संपल्या. त्यांत दादा कुठेच नव्हता. आई दाराशी भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती, नुसती जिन्यावरची पावलं ऐकत होती.

बाबा उठले. दोन वेळा तिच्याकडे बघून परत बसले. मग रेडिओपाशी जाऊन काटा सरकवू लागले. शिट्ट्या, परकी बोली, खरखर. आणि अखेर सिनेमाचं एक गाणं. आई दचकली.

“आज कशाला?” ती म्हणाली.

“असू दे,” बाबा म्हणाले. “तुला आवडतात ना.”

त्यांना ठाऊक होतं तर! कधीपासून, ते मी नंतरही विचारलं नाही. गाणं थोडा वेळ चाललं, मग नेहमीसारखं बुडालं. खोलीत नुसती खरखर. ते वर आलं, पुन्हा बुडालं. या खेपेला दाराकडून आईचा आवाज आला, चिरका, भिजलेला, पण चालीतून तसूभर न ढळणारा. बाबांचं बोट नकळत मांडीवर पडू लागलं होतं. गाणं परत उमटलं ते बरोबर तिच्या शब्दावर.

बाबा तिच्याकडे वळले. “लय सुटली नाही तुझी,” एवढंच ते म्हणाले. संसाराला इतकी वर्षं होऊन त्यांनी तिला दिलेली ती पहिली दाद. आई तेव्हा कुठे रडली.

दुसऱ्या दिवशी संचारबंदी सैल झाल्यावर दादा आला. पायांत चपला नव्हत्या, कोपर खरचटलं होतं, बाकी धड होता. पळापळीत तो करी रोडच्या एका चाळीत शिरला होता. “आता खंय जातलंस? बस हंय,” म्हणत कोकणातल्या एका गिरणी कामगाराने त्याला हाताला धरून आत घेतलं, आणि त्या एका खोलीत एकमेकांची नावंही न कळलेली कितीतरी माणसं दाटीवाटीने बसून राहिली.

“भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“गात होतो,” तो म्हणाला. “आधी शाहिरी. मग आवाज बसले. तेव्हा एकाने सिनेमाचं गाणं धरलं. त्याला एकच ओळ येत होती.” तो जरा ओशाळला. “पुढचं सगळं मी म्हटलं. एकामागून एक कितीतरी गाणी. मला पाठ होती, आई. कशी, कुणास ठाऊक.”

तापाने, परीक्षेने घरी राहिलेल्या दुपारी, पुस्तकात डोकं घालून बसलेल्या या मुलाच्या कानांत ती कधी झिरपली असतील? आपण आपली गाणी निवडतो म्हणतो. पण निवड करायची अक्कल येण्याआधीच कुणीतरी स्वयंपाकघरातून ती आपल्यात पेरून ठेवलेली असतात.

बाबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. “सुरात म्हटलीस का?” त्यांनी विचारलं.

“त्याला आधी जेवू द्या,” आई म्हणाली, आणि तिने ताट वाढायला घेतलं.