चिंचेवर आळ
आईची हाडं ठणकायची, तिला जिना चढवत नसे. "लई चिंच खाती ही, आंबटानं हाडं इरघळली," म्हणत थोरल्या चुलतीनं तिच्या आमटीतली चिंच बंद केली. आईलाही ते पटलं.

मी घरातली पहिली बी.एस्सी. मला पटलं नाही. मी तिला सात रस्त्याच्या डॉक्टरांकडं नेलं. रक्त-लघवी तपासून ते म्हणाले, "मूत्रपिंड आम्ल बाहेर टाकत नाही. ते साचलेलं आम्ल मारायला हाडं आपला चुना देतात आणि नवं हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. चिंचेचा दोष नाही." आम्ल मारायला औषध म्हणून सोड्याच्या गोळ्या दिल्या.

घरी येऊन मीच आमटीत चिंच कोळली.

चुलती कडाडली, "चार बुकं शिकली, आता आमाला शिकवती व्हय?"

"व्हय काकू, शिकवती की!"

आईनं वाटी पुढं केली.