मेणाचा वास आणि रंजनाची रिबीन

काल डोंबिवलीला भाचीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या विझल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला मात्र विझलेल्या मेणाच्या त्या वासाने रंजनाचा हेवा वाटायला लागला. इतक्या वर्षांनी!

तेव्हा मी ठाण्याला वागळे इस्टेटजवळच्या एका लॅबमध्ये होतो. बायोप्सीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवून, तपासणीसाठी मशीनवर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हे आमचं काम. शेजारच्या मशीनवर रंजना. तिचे काप एकमेकांना धरून रिबिनीसारखे सरळ यायचे. माझे शेवयांसारखे वळायचे.

त्या मे महिन्यात एका बाईंचा तिळाएवढा तुकडा माझ्याकडे आला. तो वाया गेला असता तर त्यांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली असती. मी मशीनचं चाक फिरवलं, काप चुरगळले. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच.

"अरे थांब, तुकडा संपवशील! मेण मऊ पडलंय उकाड्याने."

रंजनाने ठोकळा काढून बर्फावर ठेवला, पातं सरकवून कोरी धार पुढे घेतली. मग ठोकळा परत बसवून, वरचं मेण जरासं ओलसर व्हावं म्हणून, आरशावर सोडतात तसा त्यावर हलकेच श्वास सोडला.

"मंत्र म्हणतेस काय?" मी कुचकटपणे विचारलं.

"हो. तुझ्याच नावाने."

आणि रिबीन आली. सुरकुत्या जाव्यात म्हणून काप कोमट पाण्यावर सोडतात, तशी तिने ती सोडली. बाईंची सुई टळली म्हणून हायसं वाटलं. सुई माझ्या हातून टळली नाही म्हणून मी त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

त्या बाईंच्या रिपोर्टमध्ये काय आलं, ते आज कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. रंजनाची ती रिबीन मात्र अजून कोमट पाण्यावर तरंगतेय, एकही सुरकुती नसलेली.